पहिल्या रिंगला

अशी कल्पना कर, की तू चौथ्या मजल्यावरच्या एका लहानशा बाल्कनीत आहेस. डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीही जमेल. कठडा उन्हाने तापला आहे, त्यामुळे त्याच्यावर हनुवटी टेकवता येत नाही. समोर नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यांचे निळे पत्रे दिसतात, एकामागे एक. कुठल्यातरी शेडमधून ठण् ठण् असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. खाली सायकली लावायच्या जागेत एकही सायकल नाही. दिवाळीची सुट्टी आहे ना! बिल्डिंगमधली मुले गावी गेली आहेत. कुणी सुरगाण्याला, कुणी इगतपुरीला, कुणी थेट बिहारला.

दिसले का सगळे? आता तुझ्या शेजारी एका मुलीला उभी कर. वय दहा, दोन वेण्या, हातात जुना मोबाईल. मोबाईलची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे. तो तिने दोन्ही हातांत धरला आहे, पाखराचे पिल्लू धरावे तसा. फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही.

ही तेजल. ती काही या बिल्डिंगमधली नाही. तिचे घर दिंडोरी रस्त्यावरच्या एका गावात. तिथे तिच्या पप्पांचे, म्हणजे संतोषरावांचे, बी-बियाणे आणि औषधांचे दुकान आहे. औषधे म्हणजे माणसांची नव्हेत, टोमॅटोची आणि द्राक्षांची. ज्या कंपनीची औषधे ते विकत, त्या कंपनीने यंदा सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्या दुकानदारांना फिरायला न्यायचे ठरवले. सहा दिवस, विमानाने, आफ्रिकेतल्या मोंबासा नावाच्या शहरात. समुद्रकाठचे शहर. अट एकच होती. यायचे ते जोडीने, नवरा आणि बायको. मुले न्यायची नाहीत.

तेजलची मम्मी, शुभांगी, आधी नाहीच म्हणाली. तिने आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला होता, शाळेच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून. बस थांबली नाही, कारण उशीर झाला होता. इतक्या वर्षांनी ती कधी कधी ते सांगायची आणि हसायची. म्हणून तेजलनेच तिला आग्रह केला. "मी राहीन की मोहिनी मावशीकडे! तू जा गं मम्मी."

असे म्हणणे सोपे होते. बुधवारी सकाळी मावशीच्या दाराशी बॅगा घेऊन मम्मी-पप्पा निघाले, तेव्हा अवघड झाले. तेजलने मम्मीचा पदर धरला आणि तो सोडेना.

"मला रडू आलं तर मी फोन करणार," ती म्हणाली.

"कर की."

"तू लगेच उचलायचास. पहिल्या रिंगला."

"पहिल्या रिंगला," मम्मी म्हणाली.

"शप्पथ?"

"शप्पथ."

मग तेजलने पदर सोडला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मोहिनी मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली. मावशी एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती. तिचे बोलणे भरभर, चालणे भरभर आणि पोळ्याही भरभर. राकेशकाका ट्रक घेऊन गुजरातकडे गेलेले, त्यामुळे घरात ती एकटीच. "ए राणी," ती म्हणाली, "एक सांगते, ऐक. तू रडत फोन केलास ना, तर तुझी मम्मी पुढच्या विमानानं परत येईल. तिकीट नाही मिळालं तर पोहत येईल. ओळखते मी माझ्या बहिणीला. तिला बिचारीला सहा दिवस हुंदडू दे जरा."

मावशी गमतीने म्हणाली होती. पण तेजलने ते मनावर घेतले. तिने ठरवले, की काही झाले तरी आपण फोन करायचा नाही. मम्मी संध्याकाळी करेल तेवढाच. आणि तेव्हाही हसत बोलायचे.

आता तूच सांग, सहा दिवस म्हणजे किती? सहलीला गेलेल्या माणसाला ते थोडे वाटतात. बाल्कनीत उभ्या असलेल्याला मोजून बघावे लागतात. मावशी सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने जायची आणि संध्याकाळी साडेपाचला यायची. मधले दहा तास तेजलचे. त्यांत टीव्ही होता, चित्रांची वही होती आणि डब्यात झाकून ठेवलेली भाजी-पोळी होती. तळमजल्यावर कुसाबाई होत्या. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली असायची. दुपारी जिना चढायचा कंटाळा आला, की त्या खालूनच हाक मारायच्या.

"ए पोरी! जेवली का नाय?"

"जेवले!"

"खरं सांगती का?"

"खरंच!"

"मंग ये खाली. एकटी काय भिताडाशी बोलती का?"

तेजल एकदा गेली. कुसाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "तुझी आई गेली ते मोंबासा कुठशी हाय? मुंबईच्या पल्याड का?"

"हो. समुद्र ओलांडून."

"मंग लांबच हाय," कुसाबाई म्हणाल्या आणि बसल्या जागी पेंगायला लागल्या. तेजलने उरलेला लसूण सोलला आणि आवाज न करता वर आली.

मोबाईल मात्र ती कायम हातात ठेवायची. आंघोळीला जाताना तो दाराबाहेर स्टुलावर असायचा. जेवताना ताटाशेजारी. फोन ती करत नव्हती, पण करता येईल एवढे तिला माहीत होते. एक बटण, की पलीकडे मम्मी, पहिल्या रिंगला. डोळे भरून आले, की ती त्या बटणाकडे बघायची आणि डोळे आपोआप कोरडे व्हायचे. कुठल्याही क्षणी मम्मीचाही फोन येऊ शकतो, आणि रडका आवाज मम्मी ओळखते, हेही तिला ठाऊक होते. त्यामुळे रडून चालणार नव्हते.

आणखी एक गोष्ट तिने शिकून घेतली. मोंबासा आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य आपल्यानंतर उगवतो. घड्याळ अडीच तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले, की तिथे सात. तेजल दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळात बघून अडीच तास वजा करायची. आता मम्मी दात घासत असेल. आता चहा घेत असेल. आता बसमध्ये खिडकीपाशी बसली असेल. असे केले, की दोन घड्याळांच्या मधल्या जागेत तिला मम्मी थोडीशी सापडायची.

गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मम्मी एका हिरव्या सोफ्यावर बसली होती. मागे कुंडीत एक उंच झाड होते.

"काय केलंस आज?" मम्मीने विचारले.

"खूप खेळले. बिल्डिंगमधल्या मुलींशी. लंगडी."

"अरे वा! आणि आम्ही किल्ला बघितला. एवढा मोठा! समुद्राच्या अगदी काठावर."

"भिंतीला हात लावलास?"

"लावला तर! चांगला काळाकुळकुळीत दगड. आपला रामशेज किल्ला नाही का, तसाच."

"मम्मी, तू दमलीस का गं?"

"छे! मजा चाललीये," मम्मी म्हणाली आणि हसली. तेजलही हसली. दोघी बराच वेळ नुसत्याच हसत राहिल्या. मग फोन संपला.

शुक्रवारी सकाळी मावशी गेल्यावर पप्पांनी फोटो पाठवले. पहिल्याच फोटोत तो किल्ला होता. कंपनीचा लांबलचक बॅनर धरून सगळी मंडळी भिंतीपुढे उभी होती. नऊ दुकानदार आणि त्यांच्या बायका, जोडीजोडीने. बायकांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या. तेजलने मम्मीला शोधले. पहिल्या रांगेत नाही. दुसऱ्या रांगेत नाही. पप्पा अगदी टोकाला होते आणि त्यांच्या शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी होती.

मम्मीच फोटो काढत असेल, असे तिला वाटले. मग तिचे लक्ष भिंतीकडे गेले.

भिंत काळी नव्हती. ती पिवळी होती, थोडीशी केशरी, पिकत आलेल्या पपईसारखी. तो किल्ला समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाने बांधलेला आहे, तो दगड तसाच असतो. पण हे ज्याने पाहिले त्यालाच कळणार. आपल्या नाशिककडच्या माणसाने न बघता किल्ला डोळ्यांपुढे आणला, तर तो काळाच येणार. आपले सगळे किल्ले काळे आहेत.

तेजलने फोटो मोठा करून पाहिला. बोटांनी ओढून ओढून भिंतीचे ठिपके होईपर्यंत पाहिला. पिवळीच.

पुढचा फोटो शहरातल्या रस्त्यावरचा होता. रस्त्यावर हत्तीच्या सुळ्यांसारख्या प्रचंड पांढऱ्या कमानी, त्यांच्याखाली तोच बॅनर, त्याच टोप्या. आणि पप्पांच्या शेजारी तीच मोकळी जागा.

त्या संध्याकाळी फोन आला, तेव्हा मम्मी पुन्हा हिरव्या सोफ्यावर होती. तेच उंच झाड. तिने कमानींचे वर्णन केले, बाजारातल्या नारळांचे केले. तेजलने काहीच विचारले नाही. नुसते "हो" आणि "वा" म्हणत राहिली. मनात मात्र तिचे प्रश्न चालू होते. मम्मी आजारी आहे का? पप्पांशी भांडली आहे का?

मावशीच्या कंपनीला आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, शनिवारी असते. मावशी दुपारी चादरी धुवायला बसली, तेव्हा तेजल बाल्कनीत गेली. मम्मीला फोन करायचा नाही, असे तिने ठरवले होते. पप्पांबद्दल काहीच ठरले नव्हते. तिने पप्पांना फोन लावला.

पलीकडे खूप गलका होता. "बोल गं चिमणे! काय झालं?" पप्पा मोठ्याने म्हणाले.

"पप्पा, मम्मी कुठंय?"

"मम्मी... इथंच आहे की. म्हणजे, जरा पुढं गेलीये."

"पप्पा, किल्ला पिवळा आहे. मम्मी काळा म्हणाली."

पलीकडे गलका कमी झाला. पप्पा बहुधा घोळक्यातून बाजूला आले असावेत.

"कुणाला सांगू नको हां," ते हळू आवाजात म्हणाले. "ती हॉटेलवर आहे. तिच्या मोबाईलला इथं बाहेर नेट मिळत नाही. पॅक फक्त माझ्याच फोनवर मारला मी. तिचा फोन चालतो तो हॉटेलच्या वायफायवर. आणि ते पण खाली, त्या सोफ्यापाशीच. पहिल्या दिवशी बसली होती बसमध्ये. जरा लांब गेलो, तिचं नेट गेलं, तशी उतरली आणि टॅक्सीनं परत. तीन दिवस झाले, तिथंच बसून आहे बघ."

"का पण?"

"का म्हणजे? तुझा फोन आला तर! पहिल्या रिंगला उचलायचा असतो म्हणे. मी म्हटलं, अगं माझ्या फोनवर करेल ती. तर म्हणते, तिनं शब्द माझ्याकडून घेतलाय, तुमच्याकडून नाही." पप्पा थोडे हसले, पण ते हसणे मध्येच थांबले. "सगळे जोडीनं फिरतात गं. मी आपला बॅनरचं टोक धरून उभा असतो. उद्या शेवटचा दिवस. शिडाच्या होडीतून समुद्रात नेणारेत. तेवढं तरी तिनं बघावं."

"होडी किती वाजता आहे?"

"दहाला. का गं?"

"काही नाही," तेजल म्हणाली आणि फोन ठेवला.

ती तिथेच खाली बसली. बघ बरे, कसे झाले होते! मम्मीने फिरावे म्हणून तेजल फोन करत नव्हती. आणि तेजलचा फोन येईल म्हणून मम्मी फिरत नव्हती. एक इथे मोबाईल हातात धरून, दुसरी तिथे मोबाईल हातात धरून. आणि फोन दिवसभर कुणीच करत नव्हते.

तुला वाटेल, सोपे आहे. सांगून टाकायचे. तेजललाही तसेच वाटले. संध्याकाळी हिरवा सोफा दिसताच ती म्हणाली, "मम्मी, उद्या तू होडीत जा हं. मी नाही फोन करणार. अजिबात नाही."

"जाणारच आहे की!" मम्मी म्हणाली. "उद्या होडीतून मोठी फेरी. तुला सगळं सांगेन."

ती हे ज्या आवाजात म्हणाली, त्याच आवाजात तिने काळा दगड सांगितला होता. तेजलला कळले, की मम्मी जाणार नाही. उद्या संध्याकाळी ती याच सोफ्यावर बसून होडीचे खोटे खोटे वर्णन करेल. परवा विमानात बसेल. आणि पुढे पुन्हा कितीतरी वर्षे हसत हसत सांगेल, की समुद्र होता, पण उशीर झाला होता.

जोपर्यंत तेजलचा फोन येऊ शकतो, तोपर्यंत मम्मी उठणार नव्हती.

रविवारी सकाळी मावशी डबे भरत होती, तेव्हा तेजल तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत ना?"

"नाही बाई. गेटवर जमा करायचा. सुटल्यावर मिळतो. का?"

"आज माझा पण घेऊन जा. तुझ्याबरोबर जमा कर."

मावशीचा हात पोळीवरच थांबला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दिवसभर एकटी, आणि फोनही नको?"

मग तेजलने सगळे सांगितले. पिवळी भिंत, मोकळी जागा, हिरवा सोफा. मावशीने हातातली पोळी डब्यात ठेवली. तिने पदराने हात पुसले.

"शुभे, शुभे," ती म्हणाली, "पोहत नाही आलीस, पण काठावरच बसून राहिलीस की गं येडे." ती हे मोंबासातल्या बहिणीला म्हणत होती. मग तेजलला म्हणाली, "मी कुसाबाईंना सांगून जाते. त्या दर तासाला वर येतील, गुडघे दुखले तरी. आणि काही लागलंच, तर त्यांच्या फोनवरून कंपनीच्या गेटवर फोन करायचा. नंबर लिहून ठेवते. बघ, राहवेल का तुला? दहा तास आहेत."

"राहवेल."

"मग सांग तिला."

तेजलने बटण दाबून निरोप बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज चिरकला, म्हणून तो पुसून टाकला. दुसऱ्यांदा नीट आला.

"मम्मी, मी माझा फोन मावशीकडे दिलाय. तो कंपनीच्या गेटवर जमा होणार. साडेपाचपर्यंत मला फोन करताच येणार नाही. तू केलास तरी लागणार नाही. बिल्डिंगमधल्या मुली गावी गेल्यात, मी लंगडी खेळले नव्हते. पण कुसाबाई आहेत. आणि मम्मी, किल्ला पिवळा आहे. तू होडीत जा. पहिल्या रिंगची शप्पथ सुटली. मी सोडली."

मावशीने फोन ओढून घेतला आणि त्यात तोंड घालून म्हणाली, "आणि मी साक्षीला आहे! ऊठ त्या सोफ्यावरून!"

घड्याळात सव्वासात वाजले होते. अडीच वजा केले, तर तिथे पावणेपाच. मम्मी झोपेत असेल. उठून खाली सोफ्यापाशी आली, की निरोप वाजेल. होडीला अजून वेळ होता.

मोबाईल बंद करताना त्याची काच एकदा उजळली आणि मग काळी झाली. तेजलने तो मावशीच्या हातात दिला. द्यायला हात पुढे केला, तरी बोटे सुटायला जरा वेळ लागला. मावशीने घाई केली नाही.

दार लागले. जिन्यावरून मावशीच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. मग कुसाबाईंशी काहीतरी बोलणे, मग कंपनीच्या बसचा हॉर्न, मग नुसते ठण् ठण्.

तेजलने आतून कडी लावली. सवयीने तिची नजर स्टुलावर गेली. स्टूल रिकामे होते. आता या घरात असे काहीच नव्हते, जे कुठल्याही क्षणी वाजेल. आता तिचा आवाज ओळखणारे कुणी ऐकणार नव्हते.

मग तेजल स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि रडली. बुधवारपासून राहिलेले सगळे रडली, मोठ्याने, नाक चोंदेपर्यंत, उचक्या लागेपर्यंत. रडून झाल्यावर तिने मोरीत जाऊन तोंड धुतले, फ्रॉकलाच पुसले, डबा उघडला आणि सकाळी सव्वाआठलाच दुपारची भाजी-पोळी सगळी खाऊन टाकली.